प्रगती पुस्तक : मुलाचा निकाल की शाळेचा हिशेब?

दरवर्षी १ मे रोजी शाळेत झेंडावंदन होते आणि त्यानंतर मुलांच्या हातात प्रगती पुस्तक पडते. महाराष्ट्रातील बहुतेक शाळांची ही जुनी रीत आहे. त्या दिवशी आपल्या वस्त्यांतून फिरून पाहावे. एखाद्या घरी पेढे वाटले जातात, एखाद्या घरी मुलाला मार बसतो आणि बाकीच्या घरांत काहीच घडत नाही. पुस्तकात कुठे ‘ब-२’ असते, कुठे ‘क-१’ असते आणि खाली ‘अभ्यासात सातत्य ठेवावे’ असे एक वाक्य असते. बाप सही करतो, आई अंगठा उठवते आणि पुस्तक शाळेत परत जाते. ‘क-१’ म्हणजे काय, सातत्य कशात ठेवायचे, शाळेने वर्षभर काय केले, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

जो समाज शंभर-दीडशे वर्षांपूर्वी शाळेच्या उंबरठ्याबाहेर उभा होता, त्या समाजातील पालकाला शाळेचा कागद म्हणजे न्यायालयाचा निवाडा वाटतो. गुरुजींनी लिहिले म्हणजे ते खरेच असणार, मुलगा ढ असणार, आपल्याच नशिबात शिक्षण नसणार, असे तो मनाशी ठरवून टाकतो. आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. प्रगती पुस्तक हा मुलावरचा निवाडा नाही. शाळेने वर्षभर केलेल्या कामाचा तो पालकांपुढे ठेवलेला हिशेब आहे. ज्याला हिशेब घ्यायचा असतो, तो मान खाली घालून सही करीत नाही. तो आधी वाचतो, विचारतो आणि मग सही करतो.

हे आम्ही भावनेच्या भरात लिहीत नाही, कायदा वाचून लिहितो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पडताळून पाहणे आणि गरजेप्रमाणे त्याला जादा शिकवणे, हे त्यातले एक कर्तव्य. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि शिकण्यातील प्रगती त्यांना सांगणे, हे दुसरे कर्तव्य. या कर्तव्यांत कसूर करणारा शिक्षक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो, असेही त्याच कलमात म्हटले आहे. म्हणजे पालकाला बोलावून नीट समजावून सांगणे ही गुरुजींची मेहरबानी नव्हे. ते त्यांचे कायदेशीर काम आहे. आपल्या किती पालकांना हे ठाऊक आहे?

याच कायद्याला अनुसरून महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. एका परीक्षेवर मुलाचे भवितव्य ठरू नये, हा त्यामागचा विचार होता आणि तो विचार चांगलाच होता. मूल्यमापनाचे दोन भाग केले गेले. रोजचे निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय यांवर आधारलेले ते आकारिक आणि सत्राच्या शेवटी घ्यायचे ते संकलित. गुणांचे रूपांतर श्रेणीत होऊ लागले. ९१ ते १०० ला ‘अ-१’, तिथून उतरत उतरत ४१ ते ५० ला ‘क-२’, ३३ ते ४० ला ‘ड’ आणि त्याखाली ‘इ-१’ व ‘इ-२’. ‘ड’ किंवा त्याखाली राहिलेल्या मुलाला पूरक मार्गदर्शन देऊन वर आणावे, अशी शाळेकडून अपेक्षा ठेवली गेली. शिवाय प्रत्येक मुलाबद्दल शब्दांत नोंदी लिहायच्या होत्या. विशेष प्रगती कशात, आवड व छंद कोणते, सुधारणा कशात आवश्यक, असे रकाने त्यासाठी आखले गेले.

प्रत्यक्षात काय झाले? वर्णनात्मक नोंदींचे तयार संच निघाले. ‘वर्गात लक्षपूर्वक ऐकतो’, ‘उपक्रमात सहभाग घेते’, ‘गणितातील मूलभूत क्रियांचा सराव आवश्यक’ अशी वाक्ये त्या संचांतून उचलून चाळीस मुलांच्या चाळीस पुस्तकांत उतरवली गेली. ज्या मुलाला अक्षरओळखही नाही त्याच्या पुस्तकातही ‘प्रगती समाधानकारक’ असे लिहिले गेले. आम्ही सगळ्या शिक्षकांना दोष देत नाही. जनगणना, निवडणूक, माहितीचे तक्ते आणि ऑनलाइन भरणा यांच्या ओझ्याखाली प्रामाणिक शिक्षकही दबून गेला आहे. पण परिणाम भोगतो कोण? ज्याच्या घरी शिकलेली आई आहे, खासगी शिकवणी लावण्याची ऐपत आहे, त्याला पुस्तकातील खोटे वाक्य नडत नाही. त्याच्या घरी मुलाचे वाचन रोज तपासले जाते. ज्या घरी आई धुणीभांडी करते आणि बाप नाक्यावर उभा राहतो, त्या घरासाठी प्रगती पुस्तक हाच शाळेत डोकावण्याचा एकमेव झरोका असतो. तो झरोका खोट्या शब्दांनी बुजवला की त्या पालकाला अंधारातच ठेवल्यासारखे होते.

२०२४ च्या ‘असर’ अहवालाने ग्रामीण भारताचे जे चित्र मांडले, त्यात पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नाही. या मुलांची प्रगती पुस्तके उघडून पाहिली तर त्यांत काय सापडेल, हे आपल्या शाळा पाहणाऱ्याला सांगायला नको.

‘मुलांना नापास करत नाहीत म्हणून ही वेळ आली’ असे म्हणणारे लोक मग पुढे आले. या धोरणाला ‘ढकलपास’ हे नाव त्यांनीच दिले. वास्तविक कायद्याने एवढेच म्हटले होते की मुलाला मागे ठेवू नका, त्याला शिकवा. न शिकवता पुढे ढकला, असे कायद्यात कुठेही नव्हते. पण शाळेने न शिकवल्याचा दोष कायद्याच्या माथी मारला गेला. २०१९ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून पाचवी व आठवीत मुलाला मागे ठेवायचे की नाही, हे राज्यांवर सोपवले. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आली. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन फेरपरीक्षा घ्यायची आणि त्यातही तो नापास झाला तर त्याच वर्गात बसवायचे.

आता न्याय कसा होतो ते पाहा. पहिली ते चौथी शाळेने पालकाला सांगितले, ‘सगळे ठीक आहे’. पाचवीच्या शेवटी तीच शाळा सांगते, ‘तुमचा मुलगा नापास’. चार वर्षे चुकीचा हिशेब देणाऱ्याला कोणी विचारत नाही. दंड भरतो तो दहा-अकरा वर्षांचा मुलगा. एकदा मागे राहिलेला मुलगा आपल्या वस्तीत पुढे काय करतो, हे सांगायला समाजशास्त्रज्ञाची गरज नाही. तो गॅरेजवर दिसतो, वीटभट्टीवर दिसतो. मुलगी असेल तर घरी बसते आणि तिच्या लग्नाचे बोलणे सुरू होते.

हा प्रश्न नवा नाही. १८८२ मध्ये महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले. परीक्षेच्या निकालावर शाळांना अनुदान देण्याची पद्धत तेव्हा होती. गरीब व अज्ञानी लोकांत शिक्षण पसरवायला ही पद्धत उपयोगी नाही, त्यांच्यासाठी सरकारी शाळा आणि खास उत्तेजन हवे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ज्यांच्यात अजून शिक्षणाची गोडीच लावायची आहे, त्यांच्याकडे निकाल मागणे म्हणजे त्यांना दारातूनच परत पाठवणे, हे जोतीरावांनी तेव्हाच ओळखले होते. पुढे १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्राथमिक शिक्षणावर बोलताना दाखवून दिले की शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत बुडतात. बाबासाहेबांनी त्या ८२ मुलांना ढ म्हटले नाही. त्यांनी सरकारकडे हिशेब मागितला. आपणही तेच करायचे आहे.

खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. १९०७ मध्ये ते एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. गुण मिळाले ७५० पैकी २८२. म्हणजे शंभरात अडतीसच्या आसपास. तेव्हाची मॅट्रिक आजच्या दहावीपेक्षा अवघड होती, ही गोष्ट खरी. तरीही आज एखाद्या मुलाच्या प्रगती पुस्तकावर एवढे गुण दिसले तर आपणच त्याला काय म्हणू, याचा विचार करावा. त्या वेळी सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्या विद्यार्थ्याच्या हाती दिले. पुढे केळुसकरांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. गुणांच्या आकड्यापलीकडे मुलाकडे पाहणारा एक गुरुजी भेटला नसता तर? अशा केळुसकरांची वाट पाहत बसणे हा काही मार्ग नव्हे. प्रत्येक मुलाकडे तसे पाहणे हे आता कायद्याने शाळेवर टाकलेले काम आहे.

गुण देणारा हात नेहमी निःपक्षपाती असतो का, हाही प्रश्न विचारलाच पाहिजे. रेमा हॅना आणि लेह लिंडेन या दोन संशोधकांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात परीक्षा घेऊन उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठावर त्यांनी मुलाची जात, लिंग व वय चिठ्ठ्या काढल्याप्रमाणे लिहून शिक्षकांकडे तपासायला दिले. जी उत्तरपत्रिका ‘खालच्या’ जातीच्या मुलाची म्हणून गेली, तिला तुलनेने कमी गुण पडले. फरक लहान होता, पण होता. आणि आपल्याला अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. हा फरक प्रामुख्याने ‘खालच्या’ मानल्या गेलेल्या जातींतून आलेल्या परीक्षकांच्या तपासणीत दिसला. मनुवाद केवळ दुसऱ्याच्या डोक्यात नसतो. शिकून नोकरीला लागलेल्या आपल्याच माणसाच्या डोक्यातही तो घर करून बसतो आणि आपल्याच लेकरावर अविश्वास दाखवायला लावतो. समाजातील शिक्षक बंधू-भगिनींनी हे मनावर घ्यावे.

कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोगही असाच आहे. उत्तर प्रदेशातील गावांत सहावी-सातवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही तेव्हा दलित मुले सवर्ण मुलांच्या बरोबरीने उतरली. सगळ्यांसमोर जात पुकारली तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. एवढे सिद्ध झाल्यानंतरही जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक मंडळाने परीक्षेच्या प्रवेशपत्रावर जातीच्या प्रवर्गाचा रकाना छापला. टीका झाल्यावर तो मागे घेतला. परीक्षेला बसणाऱ्या मुलाच्या हातातील कागदावर जात कशासाठी हवी होती?

तरीही वकील म्हणून एक गोष्ट निक्षून सांगतो. कमी गुण पडले म्हणजे जातीयवादच झाला, असा सरसकट आरोप करू नये. असा आरोप टिकत नाही आणि खऱ्या तक्रारीची किंमत कमी करतो. पुरावा उत्तरपत्रिकेत असतो, म्हणून आधी उत्तरपत्रिका मागावी. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात परीक्षार्थीला माहिती अधिकार कायद्याखाली आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, असे ठरवून दिले आहे. जिल्हा परिषद, महापालिका व शासकीय अनुदानावर चालणाऱ्या शाळांकडे हा मार्ग वापरता येतो. दहा रुपये शुल्क आणि साधा अर्ज, एवढेच लागते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही शुल्क नाही.

शाळेच्या हातातील नोंदी पुढे किती मोलाच्या ठरतात, हे दहावीने दाखवून दिले आहे. भाषा विषयांतील शाळेकडचे २० गुण काढून घेतले आणि २०१९ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही नवा होता, पण पुढच्याच वर्षापासून ते २० गुण परत आणले गेले. २०२१ मध्ये कोरोनामुळे परीक्षाच रद्द झाली तेव्हा १०० पैकी ५० गुण नववीच्या निकालावरून आणि उरलेले ५० दहावीच्या शाळांतर्गत मूल्यमापनावरून दिले गेले. ज्यांनी नववीचे प्रगती पुस्तक न वाचता सही केली होती, त्यांच्या मुलांचे अर्धे गुण त्याच पुस्तकातून आले.

काही खासगी शाळा फी थकली म्हणून प्रगती पुस्तक अडवून ठेवतात. असे पालक आमच्याकडे येतात. फी वसूल करण्याचे कायदेशीर मार्ग शाळेला मोकळे आहेत, परंतु मुलाचा निकाल गहाण ठेवणे हा त्यातला मार्ग होऊ शकत नाही. मुलाची प्रगती पालकाला सांगण्याचे कर्तव्य कायद्याने फीच्या पावतीशी जोडलेले नाही. अशा वेळी शाळेच्या दारात हात जोडून उभे राहू नये. लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी विनवणीला नकार देणारी शाळा लेखी नकार द्यायला कचरते, हा आमचा अनुभव आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आता समग्र प्रगती पत्रक आणले आहे. शिक्षकाबरोबर मुलाने स्वतःचे आणि सोबत्यांनी एकमेकांचे मूल्यमापन करायचे, घर व शाळा यांचा दुवा जोडायचा, असे त्यात म्हटले आहे. कल्पना वाईट नाही. पण २०१० ची कल्पनाही वाईट नव्हती. घराने काय सांगायचे हेही गुरुजीच तयार संचातून लिहिणार असतील तर नाव बदलेल, कागद जाड होईल आणि झरोका बुजलेलाच राहील.

मूल्यमापन कशासाठी असते, हे तथागतांच्या संघातील एका प्रसंगावरून कळते. चूळपंथक नावाच्या भिक्खूला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. त्याच्या थोरल्या भावानेच त्याला संघ सोडून जायला सांगितले. भगवंतांनी त्याला परत बोलावले, हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. वस्त्र मळत गेले तसा त्याला अनित्यतेचा बोध झाला आणि तो अर्हत झाला. भावाने त्याचा निकाल लावला होता. बुद्धांनी शिकवण्याची रीत बदलली. जे मूल्यमापन शिकवण्याची रीत बदलत नाही, ते मूल्यमापन नव्हे, नुसता शिक्का आहे.

म्हणून आमची समाजबांधवांना आणि विशेषतः माता-भगिनींना विनंती आहे. पुस्तकावर सही करण्यापूर्वी वर्गशिक्षकांना पाच प्रश्न विचारा. या वर्गात मुलाला काय काय यायला हवे होते? त्यातले त्याला काय येते आणि काय येत नाही? हे तुम्ही कशावरून ठरवले, ती वही किंवा उत्तरपत्रिका दाखवाल का? जे येत नाही त्यासाठी शाळेने जादा काय शिकवले? पुढच्या दोन महिन्यांत काय शिकवणार? उत्तर मिळाले तर आभार माना, कारण चांगला शिक्षक अशा पालकाची वाटच पाहत असतो. उत्तर मिळाले नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. तरीही दाद लागली नाही तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो आणि पुढे राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे.

शाळा व्यवस्थापन समितीकडेही लक्ष द्या. कलम २१ प्रमाणे तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात स्थान द्यावे लागते. या जागा कागदोपत्री भरल्या जातात आणि ठराव वाचून न दाखवता सह्या घेतल्या जातात. आपल्या वस्तीतील एखादी चार इयत्ता शिकलेली आई त्या समितीत बसली आणि ‘आमच्या वर्गातील किती मुलांना वाचता येते?’ एवढे विचारू लागली, तरी शाळेचे वातावरण बदलेल.

१४ एप्रिलच्या जयंतीला आणि निकालानंतर गावोगावी गुणगौरव समारंभ होतात. नव्वद टक्केवाल्यांना पुष्पगुच्छ मिळतो. तो मिळावाच. परंतु चळवळीचे काम तिथे संपत नाही. प्रत्येक बुद्धविहारात वर्षातून दोन दिवस, दिवाळीपूर्वी आणि निकालानंतर, प्रगती पुस्तक वाचनाची बैठक भरवावी. वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी आणि निवृत्त शिक्षकांनी पालकांना प्रत्येक रकान्याचा अर्थ समजावून सांगावा. मुलाला समोर बसवून एक परिच्छेद वाचायला द्यावा आणि पुस्तकातील शेरा खरा की खोटा हे तिथेच पाहावे. ज्यांना ‘ड’ मिळाला त्यांची यादी करून त्या पालकांसोबत शाळेत जावे. ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांच्या मुलांसाठी हे काम वस्तीनेच अंगावर घ्यावे, कारण शाळेने सभा बोलावली तेव्हा ते फडावर असतात.

याला फार पैसा लागत नाही. मोर्चाही लागत नाही. विहाराची एक सतरंजी, चार शिकलेली माणसे आणि दोन संध्याकाळ लागतात. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश मुलाला आहे, तसा तो पालकालाही आहे. मुलाने धडा वाचायला शिकावे आणि पालकाने मुलाचे प्रगती पुस्तक वाचायला शिकावे. यंदा दिवाळीपूर्वी पुस्तके घरी येतील, तेव्हा सुरुवात करा.

जय भीम!